ते खंडाळा हे नव्हे! (महाबळेश्वर कसं मिळालं त्याची गोष्ट)

घाटाखालचा | शनिवार, रात्री ११:४०

आमचं गाव पोलादपूरच्या अंगाला. पाहुणा आला की त्याला आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वरला फिरवून आणायचं हे घरातल्या गाडीवाल्याचं म्हणजे माझं काम. परवा असाच मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन गेलो. लॉडविक पॉइंटला एक पोरगेला गाइड दुसऱ्या कुटुंबाला सांगत होता, 'इथंच साहेबानं महाबळेश्वरचा शोध लावला.' आमचा भाचा अकरा वर्षांचा. सकाळीच क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं पाणी पिऊन आलेला. तो मोठ्यांदा म्हणाला, 'मग ते देऊळ कुणी बांधलं?' गाइड हसला, मीही हसलो, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

त्या खांबापाशी मग जरा वेळ थांबलो. पंचवीसेक फुटांचा दगडी खांब. जनरल पीटर लॉडविक १८७३ साली वारल्यावर पुढच्या वर्षी त्याच्या मुलाने तो उभा केला. त्याआधी या टोकाला सिडनी पॉइंट म्हणत. इंग्रजी लेखाचा भावार्थ असा की या डोंगरावर पाऊल ठेवणारा हा पहिला युरोपियन. आता गंमत बघा. लेख खोटं बोलत नाही. 'पहिला युरोपियन' असंच म्हणतो. मराठीत उतरताना त्यातला 'युरोपियन' कुठेतरी गळला आणि नुसता 'पहिला' उरला. खाली जावळीत मोऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची सत्ता, १६५६ मध्ये महाराजांनी घेतलेली जावळी, समोर प्रतापगड, वर कृष्णा-कोयनेचा उगम, आणि शोध म्हणे १८२४ मध्ये लागला!

हा लॉडविक साताऱ्याच्या पलटणीवर होता. १८१८ ला पेशवाई बुडाली, १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, पण उशाशी रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा आपला अधिकारी, ठेवला. मैदानातल्या उन्हाने आणि तापाने साहेब लोक माशांसारखे मरायचे, त्यामुळे जिथे गार वारा तिथे यांचं लक्ष. लॉडविकने वर येऊन हवेची तारीफ केली. पुढे रेसिडेंट ब्रिग्जने महाराजांकडून साताऱ्याहून वर चांगला रस्ता करवून घेतला. रस्ता कुणाच्या पैशाने? महाराजांच्या. मग १८२७ ला गव्हर्नर होऊन आला सर जॉन माल्कम. त्याने हवा खाल्ली आणि ठरवलं की इथे गोऱ्या लोकांसाठी आरोग्यस्थान हवंच.

पण जागा साताऱ्याची. मग १८२९ मध्ये करार झाला. महाराजांनी डोंगरावरची जागा द्यायची, बदल्यात कंपनीने त्यांना वाई भागातलं खंडाळा गाव द्यायचं. वसलेल्या पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. इथवर बऱ्याच जणांना माहीत असेल.

आता पुढचा हिशेब करा. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं, १८४७ ला ते तिथेच गेले. गादीवर धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. तेही १८४८ ला वारले, दत्तक नामंजूर, डलहौसीने सातारा खालसा केलं. म्हणजे महाबळेश्वर तर घेतलंच होतं, बदल्यात दिलेलं खंडाळाही वीस वर्षांच्या आत घरी परत! किराणा दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून गोळी देतो आणि आपण दाराबाहेर पडायच्या आत ती गोळीही हातातून काढून घेतो, तसला प्रकार.

पाहुण्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'खंडाळा दिलं? मग लोणावळाही दिलं असेल.' तिथे गप्प बसलो. म्हणून हा धागा. कुणाकडे घरातल्या, गावातल्या आठवणी असतील तर टाका. पॉइंटांची नुसती यादी नको, ती सगळीकडे मिळते.

---

जुनापाना | रविवार, सकाळी ७:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली)! पाहुण्यांना हसू नका, मीही चाळीस वर्षं हेच समजत होतो. लोकहो, हे खंडाळा म्हणजे 'आती क्या' वालं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ ओलांडलं की खंबाटकीच्या पायथ्याशी जे लागतं ते. बोगद्याच्या नादात हल्ली कुणी बघतही नाही.

---

शंकासुर | रविवार, सकाळी ९:०२

लेख छान, पण सूर नेहमीचाच. करार झाला ना? बदल्यात गाव दिलं ना? मग लूट कसली? देऊळ होतं हे मान्य, पण देवळाभोवती होतं काय? जंगल आणि वाघ. रस्ते, तलाव, बाजार, टपाल, नगरपालिका हे सगळं साहेब आल्यावरच झालं. आज तिथे जे हॉटेलवाले करोडो कमावतात ते त्या 'शोधा'च्याच जिवावर. साहेबाला शिव्या घालत त्याच्याच पॉइंटवर सेल्फी काढायचा, हे आपलं.

---

कारवी | रविवार, सकाळी ९:४०

शंकासुर, तलाव साहेबाने नाही हो बांधला. वेण्णा लेक १८४२ चा आणि आप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतलेला. रस्त्याचं तर घाटाखालचा यांनी वर सांगितलंच आहे. साहेबाने फर्मान काढलं आणि महाराजांच्या खजिन्यातून काम झालं, असं म्हणा फार तर.

बाकी यादी नको म्हणालात तरी एक छोटी देतेच, कारण ती नावांखाली दडलेल्या नावांची आहे. विल्सन पॉइंट म्हणजे आपला सिंदोळा. महाबळेश्वरचा सगळ्यात उंच माथा, ४,७०० फुटांवर थोडा. विल्सन गव्हर्नर झाला १९२३ ला, म्हणजे तोवर शंभर वर्षं साहेब लोकही सिंदोळाच म्हणत होते! केट्स पॉइंट हे माल्कमच्या मुलीचं नाव, तिथलं जुनं नाव नाकेखिंड. आर्थर सीट म्हणजे मढीमहाल. सिंदोळा, नाकेखिंड, मढीमहाल. तीन वेळा मोठ्याने म्हणून बघा, तोंडात जांभळं फुटल्यासारखी वाटतात.

---

घाटाखालचा | रविवार, दुपारी १२:१०

कारवीताई, मढीमहाल माहीत नव्हतं, आभार.

शंकासुरराव, 'करार झाला ना' यावर एवढंच. करार दोन बरोबरीच्या माणसांत होतो. ज्याची गादीच समोरच्याने दिलेली आहे आणि ज्याच्या दारात समोरच्याचा रेसिडेंट बसलाय, त्याने 'नाही' म्हणायचं कसं? प्रतापसिंह भाबडे नव्हते. शाळा काढल्या, छापखाना घातला, दप्तर नीट लावलं. माल्कमशी त्यांचे संबंध चांगलेच होते. पण संबंध चांगले असणं वेगळं आणि हात मोकळे असणं वेगळं.

शिवाय एक योगायोग मघाशी लिहायचा राहिला. हाच लॉडविक पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला. १८३६ मध्ये महाराजांवर पलटणीतल्या शिपायांना फितवल्याचा आरोप आला आणि चौकशीला तिघांची समिती बसली. त्या तिघांत एक लॉडविक. महाराजांनी पोर्तुगीजांशी संधान बांधलं वगैरे आरोप पुढे वाढत गेले आणि शेवट काशीत झाला. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं दाद मागत राहिले, कुणी ऐकलं नाही. म्हणजे ज्याला महाराजांचा डोंगर आवडला, तोच बारा वर्षांनी महाराजांच्या चौकशीला बसला. खांबावर यातलं अक्षर नाही. असणार तरी कसं म्हणा, खांब मुलाने बांधलाय.

---

वेतकाठी | रविवार, दुपारी ३:२५

रस्ते कुणी केले यावरून आठवलं. महाबळेश्वरात चिनी कैदी होते, हे किती जणांना ठाऊक आहे? थापा नाही मारत. मलाक्का-सिंगापूरकडे इंग्रजांच्या वसाहती होत्या. तिथे आपले कैदी काळ्या पाण्यावर जायचे, आणि तिथले चिनी आणि मलायी कैदी इकडे मुंबई इलाख्यात. दोन्हीकडच्या माणसाला परका मुलूख म्हणजे पळून जायची सोय नाही. साहेबाचं डोकं अशा बाबतीत फार चालायचं.

तर असे शंभरावर कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात होते. रस्त्याची कामं, बागांची कामं त्यांच्याकडून करून घेत. बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्यात त्यांचा मोठा हात होता, वेताच्या टोपल्याही विणायचे. तुरुंग १८६४ ला बंद झाला आणि उरलेल्यांना इतर तुरुंगांत हलवलं. बाजारात वेताच्या टोपल्या आणि काठ्या बघितल्या की मला ते आठवतात. हजारो मैलांवरून आणलेला माणूस, भाषा कुणाला कळत नाही, पावसाळ्यात दोन-अडीचशे इंच पाऊस, आणि पिकवायचे काय तर साहेबाच्या ताटातले बटाटे.

(माझा आयडी यावरूनच आहे. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.)

---

स्ट्रॉबेरीक्रीम | रविवार, दुपारी ३:५०

स्ट्रॉबेरी पण चिन्यांनीच आणली का?? आणि यंदा मार्केटमध्ये क्रीमचा ग्लास किती चालू आहे कुणी सांगेल का, पुढच्या शनिवारी जायचंय.

---

जुनापाना | रविवार, संध्याकाळी ५:०५

आलं, धाग्याचं काश्मीर व्हायची, म्हणजे विषय भरकटायची, सुरुवात झाली. स्ट्रॉबेरी साहेबाच्या बागेतून आली, क्रीम आपल्या पर्यटकांच्या खिशातून. दरासाठी वेगळा धागा काढा बाळ.

---

तवा_तापला | रविवार, संध्याकाळी ६:३०

शंकासुर म्हणतात 'जंगल आणि वाघ'. जंगलात माणसंही होती की. कोळी, कुळवाडी, धनगर आणि धावड. धावडांविषयी लिहितो, कारण त्यांचं फारसं कुणी बोलत नाही.

धावड म्हणजे लोखंड गाळणारे, धर्माने मुसलमान. जांभ्यातला लोखंडाचा दगड वेचायचा, जंगलातल्या लाकडाचा कोळसा पाडायचा, मातीच्या भट्टीत भाता मारून लोखंड काढायचं. तवे, पळ्या, कोयत्या, नांगराचे फाळ, सगळं इथलंच. गिरिस्थान झालं तसं साहेबाला झाडी हवी झाली. सावली हवी, देखावा हवा, घोड्यावरून रपेटीला हिरव्या वाटा हव्या. जंगलाच्या हद्दी आखल्या आणि कोळसा पाडायला बंदी. कोळसा नाही तर भट्टी नाही. तयार विलायती लोखंडही बाजारात स्वस्त येत होतंच. धावड मग मजुरीला लागले. डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरी करणाऱ्यांच्या पाठीमागेही तोच बडगा.

माझा मुद्दा एवढाच. साहेबाने झाडं राखली हे खरं आहे, आज तिथे जी दाट राई दिसते त्यात त्या बंदीचा वाटा आहे. पण ती कुणाच्या भाकरीवर राखली, तेही त्याच वाक्यात आलं पाहिजे.

---

शंकासुर | रविवार, रात्री ८:१५

तवा_तापला, धावडांचं माहीत नव्हतं. हे पटलं. वेण्णा लेकचंही मागे घेतो.

पण एक सांगा. कोळशाच्या भट्ट्या चालूच राहिल्या असत्या तर आज तिथे डोंगर बोडका दिसला असता की नाही? प्रश्न खवचट नाही, खरंच विचारतोय. जंगल राखणं चांगलं की वाईट, हे राखणारा कोण होता त्यावर ठरवायचं का?

---

तवा_तापला | रविवार, रात्री ८:५०

भट्ट्यांनी झाड जायचं हे खरंच, खोटं कशाला बोलू. पण धावड डोंगरात कित्येक पिढ्या होते आणि साहेब आला तेव्हा जंगल होतंच की. तुम्हीच म्हणालात, जंगल आणि वाघ.

---

बोटीचा_भोंगा | सोमवार, सकाळी १०:२०

लय भारी चाललाय धागा. मी वाटेचं सांगतो, कारण आमच्या बाणकोट खाडीचा संबंध आहे.

रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईचा साहेब महाबळेश्वरला कसा जायचा? बोटीने बाणकोट. तिथून होडीत बसून सावित्रीतून भरतीच्या पाण्यावर वर दासगाव-महाड. महाडहून पोलादपूरमार्गे 'पार' नावाच्या घाटाने पालखीत किंवा तट्टावर वर. मडमेला आणि पोरांना पालखी, भोई आमच्याकडचे. ओझ्याला हमाल. एका साहेबाच्या बिऱ्हाडामागे किती माणसं घाट चढत असतील ते तुम्हीच मोजा, खाट-गादीपासून पियानोपर्यंत सगळं खालून वर. पुढे आंबेनळीतून गाडीरस्ता झाला. सरकारी कागदात तो फिट्झजेराल्ड घाट, १८६७ ते ७२ च्या गव्हर्नरच्या नावाने. आमच्या तोंडी एक दिवसही ते नाव बसलं नाही. एसटीच्या पाटीवरही आंबेनळीच.

वरून येणारी दुसरी वाट पुण्याची. शिरवळ, खंडाळा, खंबाटकी, वाई, पसरणी, पाचगणी. मिरजेकडे रेल्वे झाल्यावर वाठार स्टेशनला उतरून टांग्याने. आता पुण्याच्या वाटेत मधलं नाव पुन्हा वाचा. साहेब महाबळेश्वरला जाताना बदल्यात दिलेल्या गावातूनच जायचा!

---

घाटाखालचा | सोमवार, सकाळी १०:४५

भोंगेकाका, दंडवत! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कितीदा गेलोय त्या रस्त्याने.

---

जुनापाना | सोमवार, सकाळी ११:३०

बाणकोट निघालंच आहे तर आर्थर सीटचा वाद उकरतो. बहुतेक गाइड सांगतात गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर, १८४२ ते ४६ चा. दुसरा पक्ष म्हणतो आर्थर मॅलेट, मुलकी खात्यातला अधिकारी, ज्याने तिथे घर बांधलं होतं. त्याची बायको आणि तान्हं मूल सावित्रीच्या मुखाशी बोट बुडून गेलं. बाणकोटला त्यांची समाधी दाखवतात. तो त्या कड्यावर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत राहायचा अशी दंतकथा. मी दुसऱ्या पक्षाचा. गव्हर्नरचं नाव बसून राहण्याच्या जागेला कोण देईल? गव्हर्नरचं नाव शिखराला देतात.

---

माथेरानी | सोमवार, दुपारी १:००

मॅलेट म्हटल्यावर मला यावंच लागलं. माथेरानचा 'शोध' लावणारा ह्यू पॉइंट्झ मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर, १८५० चा मे महिना. तो या आर्थर मॅलेटचा सख्खा भाऊ! आणि दोघांचा बाप सर चार्ल्स मॅलेट म्हणजे पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, सवाई माधवरावांच्या काळातला. बापाने शनिवारवाडा बघून ठेवला, पोरांनी डोंगर.

आमच्या मॅलेटची गोष्टही तशीच. चौक गावातून वन ट्री हिलच्या बाजूने चढला, रामबागेकडून उतरला. पायवाट होती म्हणूनच चढला ना? वाट गावकऱ्यांची. पुढे गव्हर्नर एल्फिन्स्टनने वसाहतीला जोर लावला. (हा महाबळेश्वरच्या एल्फिन्स्टन पॉइंटवाला नव्हे, तो माउंटस्टुअर्ट, हा त्यानंतरचा लॉर्ड.) मात्र आमची झुकझुक गाडी साहेबाची नाही हं. आदमजी पीरभॉय या बोहरी घराण्याने सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रूळ टाकले, १९०७ ला नेरळहून गाडी वर आली. तोवर घोडा, डोली आणि माणसाने ओढायची रिक्षा. ती हातरिक्षा साहेब जाऊन पाऊण शतक उलटलं तरी चालूच राहिली. शेवटी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं. तोवर आपणच बसत होतो तिच्यात. तेव्हा नुसतं साहेबाकडे बोट दाखवून चालणार नाही मंडळी.

आणि पॉइंटांच्या पाट्या वाचताना एक आठवण ठेवा. ज्या माथेरानात लुईसा, अलेक्झांडर, गार्बट अशी नावं आहेत, तिथेच एका नाभिक कुटुंबात १९१२ ला भाई कोटवाल जन्मले. वकील झाले, बेचाळीसच्या चळवळीत विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीने गेले.

---

कारवी | सोमवार, दुपारी १:२०

मॅलेट बंधूंचं वाचून मी खुर्चीतून उठले! माथेरानवर स्वतंत्र धागा काढाच. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

गवतीचहा | सोमवार, रात्री ९:५५

वाचनमात्र असते, आज लिहिते. इतिहास नाही, घरातलं आहे.

माझे आजोबा महाबळेश्वरात एका बंगल्यावर माळी होते. साहेब गेल्यानंतरची गोष्ट, मालक मुंबईचे. पण बंगला साहेबाच्या वेळचा आणि रीतीही तशाच राहिलेल्या. मेच्या शेवटी मालक मंडळी खाली गेली की आजोबांचं खरं काम सुरू. खालच्या गावांतून गवताचे भारे यायचे. कारवीच्या काठ्यांवर गवत बांधून झडी करायच्या आणि बंगल्याच्या पावसाळी बाजूच्या भिंती वरपासून खालपर्यंत झाकून टाकायच्या. जांभ्याचा दगड पाणी पितो ना, झडी नसल्या तर दिवाळीपर्यंत भिंत ओली. आत शेकोटीच्या धुराड्यात गोणपाट कोंबायचं. गाद्या मधल्या खोलीत एकावर एक. खुर्च्या उलट्या टेबलांवर. मग चार महिने त्या अंधाऱ्या घरात आजोबा, एक कुत्रा आणि एक कंदील. आजी खाली गावात, शेतावर.

फाटकाच्या खांबावर संगमरवराची पाटी होती, इंग्रजी अक्षरं कोरून त्यात शिसं ओतलेलं. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळं दाट चढायचं. झडी उतरवल्या की आजोबा पहिलं काम ते करायचे. काथ्याचा चोथा घेऊन एकेक अक्षर घासायचे. त्यांना मराठीही जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी तर नाहीच. पण प्रत्येक अक्षर बोटाला पाठ. 'तिसरं वाटोळं आहे, त्याच्यात शेवाळं जास्त बसतं,' असं सांगायचे. लहानपणी त्यांनी माझं बोट धरून मला ते वाटोळं अक्षर गिरवायला लावलं होतं. शाळेत एबीसीडी यायच्या कितीतरी आधी मी 'ओ' काढायला शिकले तो असा.

बंगला आता नाही. तिथे हॉटेल आहे. पाटी कुठे गेली कुणास ठाऊक.

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:३०

गवतीचहाताई, लिहीत जा हो.

---

वेतकाठी | सोमवार, रात्री १०:३४

+१. झडी मी पाहिल्यात लहानपणी. आता निळं प्लास्टिक लावतात.

---

घाटाखालचा | मंगळवार, सकाळी ८:२०

गवतीचहाताई, तुमचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. त्याने पहिलं विचारलं, 'कुत्र्याचं नाव काय होतं?' माहीत असेल तर सांगा, नाहीतर तो मला सोडणार नाही.

कारवीताईंच्या यादीत एक भर घालतो. कागदोपत्री तिथल्या नगरपालिकेचं नाव आजही 'गिरिस्थान नगरपरिषद'. पाचगणी आणि माथेरानचंही तसंच. मला आधी वाटायचं हे खास मराठी सरकारी भाषेचं खटलं आहे. मग कळलं की 'हिल स्टेशन'चं शब्दशः भाषांतर आहे. माल्कम पेठ मात्र बोलण्यातून गेली.

आमच्या घरात ती कधी नव्हतीच म्हणा. काल आईला सहज विचारलं की तुझी आई महाबळेश्वरला काय म्हणायची. कोंबड्यांना दाणे टाकत होती, मान वर न करता म्हणाली, 'नहर. आई नहरलाच जायची दूध घालायला.' मी म्हटलं, नहर म्हणजे? ती म्हणाली, 'नहर म्हणजे नहर. वर. तू जातोस ना पाहुण्यांना घेऊन, ते.'

---

गवतीचहा | मंगळवार, सकाळी ८:४१

मोती. भाच्याला सांगा, काळा होता तरी मोती.